प्रशिक्षकाची पारख कशानें करावी?

विष्णुपुरीच्या परिसरांत आज कोणी 'कोच' हा शब्द उच्चारला तर ऐकणाराच्या डोळ्यांपुढें मैदान उभें राहत नाहीं. उभी राहते ती एक लांबट खोली, तींत दाटीवाटीनें मांडलेले बांक, भिंतीवर गेल्या वर्षींच्या यशस्वी मुलांचीं छायाचित्रें, आणि प्रत्येक छायाचित्राखालीं गुणांचा आंकडा. नांदेड व लातूर या दोन शहरांनीं शिकवणीच्या वर्गांत जें नांव मिळविलें आहे तें आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. परभणी, हिंगोली, यवतमाळ येथून मुलें येथें येऊन खोल्या घेऊन राहतात. कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आमच्या शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल होतो. हें सर्व याच मार्गानें घडलें आहे. परंतु या शब्दाबरोबर एक मापही आमच्या घरांत शिरलें आहे, व त्या मापाविषयीं आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. माप असें कीं, यंदा किती आले? ज्याच्या मुलांस अधिक गुण पडले तो शिक्षक चांगला. ज्याच्या मुलांस कमी पडले त्याच्याकडून मूल काढावें व दुसऱ्याकडे घालावें.

हें माप खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तें अपुरें आहे. अपुऱ्या मापानें माणसाची पारख केली असतां काय होतें याचें एक ठळक उदाहरण आमच्याच राज्यांत, मुंबई शहरीं, घडून गेलें आहे. तें शिकवणीच्या वर्गाचें नसून फुटबॉलचें आहे. यामुळें पालकांस तें अधिक शांत चित्तानें ऐकतां येईल, आणि मुलांस तर तें आवडेलच.

श्री. खालिद जमील यांचा जन्म १९७७ सालीं कुवेत देशांत झाला. खेळाडू म्हणून त्यांचें नांव झालें तें मात्र मुंबईंत. महिंद्र युनायटेड व एअर इंडिया हे त्या काळीं मुंबईचे नांवाजलेले संघ; त्या दोहोंतून ते मध्यफळींत खेळले, व भारताचा गणवेशही त्यांच्या अंगावर चढला. त्यांच्या खेळण्याच्या दिवसांतील एक गोष्ट वृत्तपत्रांतून वेळोवेळीं आलेली आहे, ती आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकून ठेवण्याजोगी आहे. कोलकात्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल हे दोन संघ म्हणजे हिंदुस्थानांतील फुटबॉलचीं दोन पंढरपुरें. तेथून बोलावणें आलें असतां कोणता खेळाडू नाहीं म्हणेल? जमील यांनीं म्हटलें. त्या संघांच्या गणवेशावर मद्याच्या कंपन्यांचीं नांवें छापलेलीं असत, आणि तें नांव छातीवर वागवून खेळणें त्यांच्या धर्मबुद्धीस मानवेना. त्यांचा धर्म एक, आमचा दुसरा; पण ज्या मनुष्यास पैशाच्या वेळीं नकार देतां येतो त्याच्या हातीं आपलीं मुलें द्यावयास आम्ही कचरणार नाहीं.

दुखापतींनीं त्यांचा पिच्छा पुरविला, व २००९ च्या सुमारास, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, खेळ सुटला. खेळाडूच्या आयुष्यांत ही घटका फार कठीण असते, आणि तिच्याविषयीं आमच्या मुलांस सहसा कोणी कांहीं सांगत नाहीं. वकील बत्तिसाव्या वर्षीं नुकता कोठें उभा राहतो. वैद्याच्या हातास तेव्हां कोठें यश येऊं लागतें. खेळाडू मात्र त्याच वयांत म्हातारा ठरतो. ज्या संघांच्या भरंवशावर त्यानें तारुण्य घातलें ते संघ तरी टिकतात काय? महिंद्र युनायटेडचीच गोष्ट घ्या. १९६२ सालीं स्थापन झालेला हा संघ २००५-०६ च्या हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीगचा विजेता झाला. त्या वेळीं त्याचे प्रशिक्षक श्री. डेरिक परेरा होते, तेही गोव्याच्या साळगावकर संघाचे जुने बचावपटू. एवढें वैभव पाहिलेला तो संघ २०१० सालीं मालकांनीं बंद केला. तेव्हां "खेळून पुढें काय?" हा पालकांचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. ज्यांना हा प्रश्न मूर्खपणाचा वाटतो त्यांनीं बंद पडलेल्या संघांची यादी एकदां करून पाहावी.

जमील यांनीं या प्रश्नाचें जें उत्तर दिलें तें साधें होतें. जें आपणांस येत होतें तें दुसऱ्यास शिकविण्यास ते लागले. मुंबई एफ. सी. नांवाचा एक संघ २००७ सालीं निघाला होता. त्याचें प्रशिक्षकपद २००९ मध्यें त्यांच्याकडे आलें, आणि तें त्यांनीं सात वर्षें सांभाळलें.

आतां या सात वर्षांकडे वाचकांनीं नीट पाहावें, कारण आमच्या म्हणण्याचें सारें मर्म त्यांत आहे. आय-लीग ही त्या वेळची देशांतील सर्वांत वरची स्पर्धा. तिचा नियम असा कीं, हंगामाच्या शेवटीं जो संघ तळाशीं राहील त्यानें खालच्या वर्गांत उतरावें. मुंबई एफ. सी. ची खेळाडूंवर खर्च करण्याची ऐपत कोलकात्याच्या वा गोव्याच्या संघांच्या मानानें बेताची. कूपरेजचें मैदान दुरुस्तीस निघालें तेव्हां मुंबईच्या या संघाला आपले घरचे सामने पुण्यास, बालेवाडीस, जाऊन खेळावे लागले. आपल्याच शहरांत आपल्याला मैदान नाहीं, प्रेक्षक नाहींत, नांवाचे मोठे खेळाडू नाहींत, अशा स्थितींत जमील दर वर्षीं संघ उभा करीत. त्यांच्या संघानें या सात वर्षांत एकदांही लीग जिंकली नाहीं. आणि या सात वर्षांत तो एकदांही खालीं उतरला नाहीं.

पहिलें वाक्य सर्वांस दिसलें. दुसरें फारसें कोणास दिसलें नाहीं.

त्यांच्या खेळाच्या पद्धतीवर टीकाही होत असे, आणि ती निराधार नव्हती. बचावाची फळी घट्ट बांधावयाची, प्रतिपक्षास मोकळी जागा म्हणून द्यावयाची नाहीं, संधि सांपडली कीं लांब चेंडू टाकून अवचित हल्ला करावयाचा, असा तो प्रकार. डोळ्यांस तो सुंदर दिसत नाहीं. ब्राझीलच्या खेळाचीं चलच्चित्रें पाहणाऱ्या मुलांस तो कंटाळवाणा वाटावा यांत नवल नाहीं. पण घरांत ज्वारीचेंच पीठ असतां पुरणपोळी कां केली नाहीं म्हणून गृहिणीस बोल लावणें कितपत न्यायाचें? हाताशीं जीं माणसें आहेत त्यांच्या बळाचा नीट अंदाज घेणें व त्यांच्याकडून तेवढेंच पण तें अचूक करून घेणें, ही शिक्षकाची पहिली विद्या होय. आमच्या वर्गांत साठ मुलें असतात. तीं साठही एका मापाचीं नसतात. त्यांतील जें मूल नापास व्हावयाचें तें पास झालें तर त्याचें छायाचित्र कोठल्याही भिंतीवर लागत नाहीं.

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर पावसाळ्यांत दरवाजे उघडले कीं पाणी पाहावयास अर्धें नांदेड लोटतें. उरलेले महिने तेच दरवाजे मिटून पाणी धरून उभे असतात, शहर तें पाणी पितें, आणि दरवाजांकडे पाहावयास कोणी येत नाहीं. जमील यांचीं मुंबईंतलीं वर्षें अशा मिटलेल्या दरवाजांचीं होतीं.

२०१६ सालीं क्लबानें त्यांना निरोप दिला. नवा प्रशिक्षक नेमण्यांत आला. ज्यांच्या हातीं संघाची मालकी असते त्यांना असा अधिकार असतोच, व त्याबद्दल आम्ही कोणावर आरोप करीत नाहीं. सात वर्षांत एकही चषक नाहीं, म्हणजे आतां दुसरा मनुष्य पाहावा, हा विचार व्यवहारी माणसाला सुचण्यासारखाच आहे. आमच्याकडेही दिवाळीच्या परीक्षेंत गुण कमी पडले कीं मुलाचा वर्ग बदलतो. तेथें तर सात वर्षें वाट पाहिली गेली. फक्त पुढें काय झालें तें पाहावें.

देशाच्या पूर्व टोंकास, मिझोरामच्या डोंगरांत, ऐझॉल नांवाचें शहर आहे. त्या शहराचा संघ २०१५-१६ सालीं प्रथमच आय-लीगमध्यें आला आणि नऊ संघांत आठवा राहिला. शेवटचा, म्हणजे नववा, आमच्या पुण्याचा डी. एस. के. शिवाजियन्स हा संघ होता. पण तो पैसे भरून थेट प्रवेश मिळविलेल्या संघांपैकीं असल्यामुळें त्याला खालीं उतरण्याचा नियम लागू नव्हता. नववा वांचला आणि आठवा उतरविला गेला! नियम म्हणून तो ठीक असेल, परंतु डोंगरांतल्या त्या लोकांस तो कसा वाटला असेल याची कल्पना मराठवाड्याच्या माणसास सहज करतां येईल. इतक्यांत गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग व धेंपो हे तीन जुने संघ त्या वर्षीं स्पर्धेंतून बाहेर पडले, जागा मोकळ्या झाल्या, आणि ऐझॉलला पुन्हां वर घेण्यांत आलें. अशा या कसाबसा आंत आलेल्या संघानें, मुंबईनें नुकत्याच सोडलेल्या प्रशिक्षकास बोलाविलें. जमील गेले. जातांना मुंबईंत आपल्या हाताखालीं खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता यांसारखे खेळाडूही त्या संघांत आले. ज्यांना कोणी मोठे म्हणत नव्हतें अशा मुलांना घेऊन त्यांनीं हंगाम सुरू केला.

२२ एप्रिल २०१७ रोजीं ऐझॉलच्या मैदानावर मोहन बागानशीं सामना झाला. सामना संपावयास थोडा वेळ राहिला असतां झोमिंगलिआना या बचावपटूनें डोक्यानें गोल केला व ऐझॉलनें १-० असा विजय मिळविला. आठ दिवसांनीं, ३० एप्रिलला, शेवटचा सामना शिलाँगला होता. बरोबरी झाली तरी पुरे होती. पण पहिल्या दहा मिनिटांतच शिलाँग लाजाँगनें गोल करून आघाडी घेतली. पाऊण तास उलटला, तास उलटला, गोल होईना. अखेर सदुसष्टाव्या मिनिटाला विल्यम लालनुनफेला यानें बरोबरी साधली, आणि १-१ या गोलसंख्येवर सामना संपला. ऐझॉलचे ३७ गुण झाले. मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतांतील कोणत्याही संघानें देशाची सर्वांत मोठी लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती.

आणि मुंबई एफ. सी.? त्याच हंगामांत, त्याच स्पर्धेंत, तो संघ तळाशीं राहिला व खालच्या वर्गांत उतरला. तो पुन्हां वर आला नाहीं. ज्या मनुष्यानें कांहीं जिंकून दिलें नाहीं म्हणून त्याला जाऊं दिलें, तो सात वर्षें काय करीत होता हें तो गेल्यावर एका वर्षांत सर्वांस कळलें. कळून उपयोग मात्र राहिला नव्हता.

केवळ एका उदाहरणावरून सिद्धांत काढूं नये हें आम्ही वर्गांत शिकवितों. म्हणून दुसरें उदाहरण सातासमुद्रांपलीकडचें देतों. स्कॉटलंडमध्यें ग्लासगो शहराच्या गोव्हन भागांत, जहाजाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मजुराच्या घरीं, १९४१ सालीं ॲलेक्स फर्ग्युसन यांचा जन्म झाला. त्यांनीं हत्यारें घडविण्याच्या कारखान्यांत उमेदवारी केली, रेंजर्स व इतर संघांतून ते धंदेवाईक फुटबॉल खेळले, आणि १९७४ मध्यें प्रशिक्षक झाले. पेझ्ली गांवच्या सेंट मिरन या संघास त्यांनीं खालच्या वर्गांतून वरच्या वर्गांत आणलें. तरीही १९७८ सालीं सेंट मिरननें त्यांना काढून टाकलें. तेथून ते ॲबर्डीनला गेले. स्कॉटलंडची लीग म्हणजे ग्लासगोच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोघांचीच मिरास, असें पंधरा वर्षें चाललें होतें. ती मिरास ॲबर्डीननें १९८० सालीं मोडली. १९८३ मध्यें त्याच संघानें रेआल माद्रिदला २-१ असें हरवून युरोपांतील एक मोठा चषक आणला.

पण आम्हांस फर्ग्युसन यांच्या विजयांहून त्यांच्या आयुष्यांतील एक कोरडा काळ अधिक बोधप्रद वाटतो. १९८६ सालीं ते इंग्लंडमध्यें मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक झाले. पहिला चषक त्यांना १९९० मध्यें मिळाला. मधलीं साडेतीन वर्षें हात रिकामे होते, प्रेक्षक त्यांना काढा म्हणून ओरडत होते. मालकांनीं ऐकलें नाहीं. पुढें २०१३ सालीं ते निवृत्त झाले तेव्हां त्या संघाच्या नांवावर त्यांच्या कारकीर्दींतील तेरा लीग-विजय होते. पहिल्या तीन वर्षांच्या गुणपत्रकावरून त्यांची पारख झाली असती तर हे तेरा कोठून आले असते? आपल्याकडेही गोव्यांत धेंपो संघानें श्री. आर्मांडो कुलासो यांना २००० पासून २०१३ पर्यंत ठेवलें, व त्या तेरा वर्षांत देशाची लीग पांच वेळां जिंकली. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार जानेवारी २०२५ मध्यें मिळाला. सरकारी पुरस्कार आमच्या देशांत असेच सावकाश चालत येतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो जमील यांच्याच पुढील आयुष्यांतून येईल. ऐझॉलनंतर ते ईस्ट बंगालला गेले, तेथें एकच हंगाम राहिले. नॉर्थईस्ट युनायटेडचा संघ २०२१ च्या आरंभीं त्यांच्या हातीं अर्ध्या हंगामांत आला व त्यांनीं तो उपान्त्य फेरीपर्यंत नेला. इंडियन सुपर लीगमध्यें असें करणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. पण पुढच्याच वर्षीं तोच संघ खालच्या जागीं घसरला. जमशेदपूरला त्यांनीं पुन्हां चांगलें काम केलें. १ ऑगस्ट २०२५ रोजीं भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड जाहीर झाली. सॅव्हियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनीं हें पद भारतीय मनुष्याकडे आलें होतें. सप्टेंबरांत ताजिकिस्तानांतील स्पर्धेंत भारतानें ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरें स्थान मिळविलें, आणि सर्वत्र वाहवा झाली. पण पुढच्याच महिन्यांत, १४ ऑक्टोबरला मडगांवीं सिंगापूरनें भारतास २-१ असें हरविलें व आशियाई चषकाचें दार बंद झालें. नोव्हेंबरांत ढाक्यास बांगलादेशकडूनही ०-१ अशी हार झाली. मग तुमच्या या प्रशिक्षकाचें काय, असें कोणी विचारील.

आमचें उत्तर सरळ आहे. पराभव वाईटच; त्याला गोड नांव देण्याचें कारण नाहीं. मडगांवचा सामना घरच्या मैदानावरचा होता, आघाडी घेऊन गमावलेला होता, आणि त्याचा जाब प्रशिक्षकास विचारलाच पाहिजे. परंतु जाब विचारणें निराळें आणि मनुष्य बदलणें निराळें. ती मोहीम मार्चमध्येंच सुरू झालेली होती. बांगलादेशशीं बरोबरी व हाँगकाँगकडून हार हे दोन निकाल जमील येण्यापूर्वींच लागलेले होते. वर्षाच्या मध्यास वर्ग हातीं घेतलेल्या शिक्षकाला वार्षिक परीक्षेच्या निकालाबद्दल किती दोष द्यावा, हें कोणत्याही अनुभवी मुख्याध्यापकास विचारावें. ज्यास आपण नेमतों त्याला किती काळ देणार हें नेमतांनाच ठरवावें, आणि तो काळ संपेपर्यंत ओरड्यास भिऊं नये. काळ संपल्यावर मात्र मापें सगळीं लावावीं. किती जिंकलें हें तर पाहावेंच. पण काय सांवरलें, कोणती मुलें घडलीं, तीं मुलें पुढें कोठें गेलीं हेंही पाहावें. या दुसऱ्या मापांना वेळ लागतो, म्हणून तीं कोणी लावीत नाहीं.

कोल्हापुरांत फुटबॉलचे संघ तालमींच्या नांवानें चालतात. तालमींतला वस्ताद दर वर्षीं बदलीत नाहींत, हें आम्हांस तेथील खेळाच्या टिकाऊपणाचें एक मोठें कारण वाटतें. नांदेडास गुरु गोविंदसिंगजींच्या नांवें हॉकीचे सामने भरतात व देशभरांतून संघ येतात; ते पाहावयास आमचीं मुलें जातात, आणि परत आल्यावर आठवडाभर काठ्या घेऊन शाळेच्या आवारांत धांवतात. त्या आठवड्याचें पुढें काय होतें? कांहीं होत नाहीं, कारण पुढच्या महिन्यांत चांचणी परीक्षा असते, आणि खेळाचा तास गणिताच्या शिक्षकानें मागून घेतलेला असतो. हा तास देतांना आम्हां शिक्षकांसही फारसें कांहीं वाटत नाहीं हें येथें सांगितलें पाहिजे. खेळाचा शिक्षक हा कोठल्याही शाळेंत सर्वांत सहज हलविण्याजोगा मनुष्य समजतात. त्याला मिरवणुकीच्या व्यवस्थेस लावावें, परीक्षेच्या वेळीं बांक मोजावयास लावावें, मुदत संपली कीं नवा आणावा. आणि मग जिल्ह्याच्या सामन्यांत शाळा पहिल्या फेरींत हरली म्हणजे आमच्या मातींत खेळाडूच नाहींत असें म्हणावें.

पालकांपैकीं पुष्कळांस खेळाविषयीं एवढेंच ठाऊक असतें कीं, दहावीस त्याचे कांहीं सवलतीचे गुण मिळतात. तेवढ्यापुरतें मूल मैदानावर धाडावयाचें, प्रमाणपत्र हातीं आलें कीं काढून घ्यावयाचें. अशा मुलास कोणताही प्रशिक्षक कांहीं देऊं शकत नाहीं, मग तो जमील असो वा फर्ग्युसन. आणि हीच गोष्ट शिकवणीच्या वर्गाची. आठवींत एक, नववींत दुसरा, दहावींत दिवाळीपूर्वीं तिसरा व दिवाळीनंतर चौथा, असे वर्ग बदललेलीं मुलें आमच्याकडे येतात. प्रत्येक ठिकाणीं पहिला महिना जुन्याची निंदा ऐकण्यांत व नव्याची पद्धत समजून घेण्यांत जातो. अशा मुलाच्या पाठीं चार शिक्षक असतात आणि त्याला ओळखणारा एकही नसतो. त्याची घोडचूक कोठें होते, तें घाबरतें केव्हां, कोणत्या प्रश्नाला तें उगाच अडतें, हें ओळखावयास शिक्षकाला निदान दोन पावसाळे लागतात. आम्हीं वीस वर्षें हें काम केलें असून आम्हांस याहून कमी वेळांत तें साधलेलें नाहीं.

विद्यार्थ्यांस एक सांगावयाचें आहे. तुमच्यापैकीं कोणी उद्यां खेळाडू होईल, बहुतेक होणार नाहींत. जे होतील त्यांचे पाय तिशी ओलांडतांच थकूं लागतील. म्हणून खेळत असतांनाच, आपणांस जें शिकवितात तें ते कसें शिकवितात याकडे लक्ष ठेवा. प्रशिक्षक होण्यास आतां परीक्षा आहेत, परवाने आहेत. आशियाई महासंघाचा वरचा परवाना मिळविण्यास पुष्कळ अभ्यास करावा लागतो, आणि तो जमील यांनीं केला. मैदानावरच्या मनुष्यास पुस्तक लागत नाहीं ही समजूत सोडून द्या.

पालकांपुढें मात्र आम्ही एक मागणी ठेवतों. पुढच्या पालकसभेंत आपण गुणपत्रक हातीं घेऊन बसाल तेव्हां, निकाल किती टक्के लागला हें विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: या मुलांचे गणिताचे, इंग्रजीचे आणि खेळाचे शिक्षक गेल्या दोन वर्षांत किती वेळां बदलले, व कां बदलले? शाळेनें त्याचें उत्तर आंकड्यांत द्यावें. आणि मग शाळेनेंही पालकांस तोच प्रश्न त्यांच्या घरच्या शिकवणीविषयीं विचारावा. तेंही उत्तर आंकड्यांतच यावें.